चौथा की पाचवा

माझी सीबीझेड ही हिरो होंडाने १९९९ साली बाजारात आणलेल्या पहिल्या पिढीतली, १५६.८ सीसीची आणि पाच गिअरची गाडी आहे. त्या काळी सोलापूरच्या रस्त्यांवर शंभर सीसीच्या गाड्यांचे राज्य होते, आणि वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा दुसरा काटा असलेली गाडी पार्क चौकात उभी केली की चार पोरे भोवती गोळा होत. आता जमतात ती माझ्या वयाची माणसे, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो, की हिचे सुटे भाग कुठून मिळवता. या गाडीला मी अलीकडे दोन गोष्टी बसवून घेतल्या आहेत. मीटरच्या वरच्या अंगाला एक आकडा आहे, जो गाडी कितव्या गिअरमध्ये आहे हे दाखवतो, आणि त्याच्या शेजारी एक दिवा आहे, जो गिअर बदलण्याची वेळ झाली की पेटतो. नव्या गाड्यांत हे सगळे कारखान्यातूनच बसून येते आणि त्याची कोणी दखलही घेत नाही. जुन्या गाडीला मात्र आपला गिअर ठाऊक असतो, पण तो सांगण्याची सोय तिच्यात नसते, आणि ती सोय करायची तर गाडी आतून थोडीफार समजून घ्यावी लागते.

गाडी वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या आमच्या मिस्त्रींना ही कल्पना मुळीच पटली नव्हती. त्यांनी हातातला पाना खाली न ठेवताच विचारले, "मालक, ह्या गाडीला नंबर कशाला पायजे? पायाला कळतंय की." त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. मुरलेल्या चालकाला गिअर कितवा हे कोणी सांगावे लागत नाही, कारण मूठ पिळल्यावर गाडी किती झटक्याने पुढे जाते, मूठ सोडल्यावर ती किती अडते, पायाखालच्या रबरातून कसली थरथर येते आणि इंजिनाचा स्वर कुठल्या पट्टीत लागला आहे, या चार गोष्टींवरून शरीर उत्तर काढून मोकळे झालेले असते. त्यात घरातली प्रत्येक गाडी वेगळ्या चालीची असली की पायाची परीक्षा होते, हेही खरे. सीबीझेडचा पहिला गिअर खाली आणि उरलेले चार वर. आमच्याकडे असलेल्या स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडत. आणि थोरल्या भावाच्या जुन्या बुलेटचा गिअर तर उजव्या पायाला होता. या तिन्ही गाड्यांवर आलटून पालटून बसणाऱ्या माणसाने विजापूर रोडच्या सिग्नलला खालचा गिअर टाकायला जाऊन वरचा टाकला, तर त्याला कोणी हसू नये.

पण माझे कारण पायाचे नव्हते, कानाचे होते. माझी उमेदीची वर्षे पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यांत जॉबर म्हणून गेली. जॉबरने माग लावून द्यायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे आणि चालू असलेल्यांवर लक्ष ठेवायचे, आणि हे लक्ष डोळ्यांपेक्षा कानानेच जास्त ठेवले जाते. एका शेडमध्ये ओळीने माग धडधडत असताना त्यातल्या नेमक्या एकाचा धोटा पेटीत उशिरा पोहोचतो आहे, हे दारातून आत शिरतानाच कळणारा जॉबर चांगला समजला जाई. हे कसब ज्या आवाजात कमवायचे, तोच आवाज ते पुढे हिरावून घेतो. आठ तासांच्या पाळीसाठी कायद्याने घातलेली मर्यादा ९० डेसिबलची आहे, आणि चालू मागांमध्ये उभे राहिलेल्या माणसाला ती ओलांडल्याचे समजायला मोजमापाचे यंत्र लागत नाही. कानात बोळे घालणारा जॉबर मी तरी पाहिला नाही, कारण बोळे घातले तर माग ऐकायचा कसा?

पुढे केव्हातरी कानांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी कागदावरचा आलेख दाखवला. खालच्या पट्टीच्या आवाजांना रेषा बऱ्यापैकी सरळ होती आणि ४००० हर्ट्झच्या आसपास ती विहिरीत उतरावी तशी खोल गेली होती; त्यापुढे ती पुन्हा जराशी वर आली होती. गोंगाटात काम केलेल्यांच्या आलेखात हा खड्डा ठरलेल्या जागीच सापडतो, असे त्यांनी सांगितले, आणि मला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते त्यानंतर गाडीवरून जाताना, कारण माझा हिशेब जमेना. चार स्ट्रोकचे, एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल तर त्यात सेकंदाला ५० स्फोट होतात, आणि ५० हर्ट्झ हा तर अगदी खर्जातला स्वर आहे. माझ्या आलेखाची ती बाजू शाबूत आहे. मग गाडीचा स्वर मला कळेनासा का व्हावा?

याचे उत्तर हेल्मेटमध्ये सापडले. साठच्या वेगाला हेल्मेटभोवती वाऱ्याची जी घरघर होते ती मुख्यतः खालच्या पट्टीची असते आणि इंजिनाचा खर्ज तिच्यात बुडून जातो. अशा वेळी सामान्य माणसाचा कान वरच्या थरावर अवलंबून राहतो. टॅपेटची टिकटिक, टायमिंग चेनची सळसळ आणि इंजिनावर ताण आला की त्यात मिसळणारी एक कोरडी कटकट यांतून त्याला इंजिनाची अवस्था समजते. माझ्या बाबतीत खालचा थर वारा खातो आणि वरचा थर माग केव्हाच खाऊन बसले आहेत. उरतो तो मधला एक पातळ पट्टा, आणि त्यावरून चौथा आणि पाचवा यांतला फरक ओळखणे मला कठीण जाऊ लागले. पाचव्यात असताना नसलेला सहावा शोधत पाय वर मारणे, आणि उलट चौथ्यातच पाचवा समजून हैदराबाद रस्त्याने मैलोन्‌मैल जाणे, हे दोन्ही माझ्याकडून नित्याचे होत असल्याचे मागे बसणाऱ्या पुतण्याने मला सांगितले. तो अभियांत्रिकीला शिकतो. "काका, कान नसला तर डोळा वापरू की," एवढेच तो म्हणाला, आणि नवी पेठेतून सुटे भाग आणायला निघून गेला.

गिअर कितवा आहे हे गाडीकडून काढून घेण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला सरळ गिअरबॉक्समध्ये जातो. गिअरबॉक्सच्या पोटात नागमोडी खाचा कोरलेला एक ड्रम असतो; आपण पायाने गिअर टाकतो तेव्हा हा ड्रम ठरावीक अंशांनी फिरतो आणि त्याच्या खाचांत बसलेले काटे गिअरची चाके इकडून तिकडे सरकवतात. म्हणजे ड्रम कोणत्या कोनात आहे हे कळले की गिअर कळला. न्यूट्रलचा हिरवा दिवा याच तत्त्वावर पेटतो. इंजिनाच्या डाव्या अंगाला, ड्रमच्या टोकाशी एक छोटा स्विच असतो आणि ड्रम न्यूट्रलच्या जागी आला की तो दिव्याची वायर इंजिनाच्या धातूला, म्हणजेच अर्थला जोडून देतो. एका संपर्काऐवजी पाच गिअर आणि न्यूट्रल मिळून सहा संपर्क ठेवले की झाला गिअर दाखवणारा स्विच. सुझुकीने १९७४ सालच्या जीटी७५० या गाडीवर आकडा दाखवायची सोय दिली होती, म्हणजे कल्पना अर्ध्या शतकाची जुनी आहे. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांवर ती यायला मात्र फार वेळ लागला.

मला हाच मार्ग आवडला होता, कारण त्यात अंदाजाला जागा नाही. म्हणून गाडीचे डावे झाकण मिस्त्रींकडून उघडून घेतले. पुढच्या स्प्रॉकेटभोवती, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती, चेनचे तेल आणि आमच्याकडची बारीक काळी माती यांचा बोटभर जाड थर बसलेला होता, तो खरवडून काढल्यावर न्यूट्रलच्या स्विचची वायर दिसली. होंडाच्या पद्धतीप्रमाणे ती फिक्या हिरव्या रंगाची आणि तिच्यावर लाल रेघ असते. माझ्या गाडीत रेघ होती, पण हिरव्याचा तपकिरी झाला होता, आणि वायर जराशी वाकवताच वरचे आवरण वाळलेल्या शेंगेच्या टरफलासारखे तडकून हातात आले. त्या जागी सहा संपर्कांचा स्विच बसवायचा तर तो लेथवर घडवून घ्यावा लागला असता, इंजिनाच्या तेलाला आवर घालणारी नवी सील लागली असती, आणि काही बिनसले तर दुरुस्तीसाठी लागणारे मूळ भाग आता मिळण्याची खात्री नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हे काम करून देणारा लेथवाला भेटला होता आणि तयारही होता. पण जे इंजिन इतकी वर्षे तेल न गळता चालले आहे, त्याला एका आकड्यासाठी भोक पाडणे मला मनापासून पटले नाही. न्यूट्रलची तेवढी वायर बदलली, आणि झाकण पुन्हा बसवले.

दुसरा मार्ग हिशेबाचा आहे, आणि तो मला नंतर पहिल्यापेक्षा अधिक आवडू लागला. क्लच सोडलेला असताना इंजिन आणि मागचे चाक दातांनी एकमेकांना बांधलेले असतात. वेग काहीही असो, एका गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या होणार हे ठरलेले असते. ते गुणोत्तर कळले की गिअर कळला, गिअरबॉक्समध्ये डोकावण्याची गरजच नाही. माझ्या मागच्या चाकाचा टायर १००/९०-१८ मापाचा आहे. अठरा इंची रिम आणि दोन्ही बाजूंची नव्वद-नव्वद मिलिमीटरची उंची धरली तर चाकाचा व्यास साधारण ६३७ मिलिमीटर होतो आणि परीघ जवळजवळ नेमका दोन मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. तेव्हा साठच्या वेगाला हे चाक मिनिटाला ५०० फेऱ्या घेते. इतका सोपा आकडा हाती आल्यावर बाकीचे कागद-पेन्सिलीशिवायही जमते. साठला काटा ४६०० च्या आसपास असेल तर गुणोत्तर सव्वानऊच्या जवळ, म्हणजे पाचवा. ५६०० च्या आसपास असेल तर सव्वाअकराच्या जवळ, म्हणजे चौथा. आणि सात हजारांकडे असेल तर चौदा, म्हणजे तिसरा. तीसच्या वेगाला हे सगळे आकडे निम्मे होतात, पण गुणोत्तरे तीच राहतात.

यातून एक गोष्ट लक्षात आली, जी मला गाडी चालवताना कधीच शब्दांत सांगता आली नसती. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधले अंतर फार मोठे असते आणि वर जावे तसे ते कमी होत जाते. चौथ्या-पाचव्यात ते वीस-बावीस टक्क्यांवर येते. म्हणजे माझा कान जिथे अडखळत होता, तिथे गाडीच मुळात सर्वांत हळू आवाजात बोलत होती. टायर झिजून किंवा हवा कमी होऊन परीघात पडणारा फरक एक-दोन टक्क्यांचाच असतो, त्यामुळे तो या हिशेबाला धक्का लावत नाही. क्लच दाबलेला असताना किंवा तो अर्धवट घसरत असताना मात्र गुणोत्तराला काही अर्थ उरत नाही, आणि योगायोगाने ते एखाद्या गिअरशी जुळूही शकते. म्हणून पुतण्याने अशी अट घातली, की गुणोत्तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका वेळ एका जागी टिकले तरच आकडा बदलायचा; एरवी नाही.

आता दोन फेऱ्या मोजायच्या होत्या, एक चाकाची आणि एक इंजिनाची. चाकासाठी मागच्या स्प्रॉकेटच्या बोल्टांवर चार छोटी लोहचुंबके चिकटवली आणि मागचे चाक धरून ठेवणाऱ्या स्विंग आर्मवर एक हॉल सेन्सर बसवला. लोहचुंबक समोरून गेले की हा सेन्सर एक ठोका देतो. एकच लोहचुंबक लावले असते तर ताशी दहाच्या वेगाला सेकंदाला जेमतेम दीड ठोका मिळाला असता आणि आकडा गाडीच्या मागून रखडत आला असता. चार लावल्यामुळे साडेपाच मिळतात, ते पुरतात. सेन्सर आणि लोहचुंबक यांच्यातले अंतर तीन-चार मिलिमीटरच ठेवावे लागते, आणि चेन ताणताना चाक मागे सरकते हे ध्यानात घेऊन सेन्सरच्या पट्टीला लांबट भोक ठेवावे लागते. एमआयडीसीतल्या त्याच लेथवाल्याने ॲल्युमिनियमची ही पट्टी इतकी नीटस करून दिली, की ती कारखान्यातूनच आली असावी असे वाटते. त्याने पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मला पाजावा लागला, आणि चहाबरोबर त्याच्या पहिल्या सीबीझेडची पूर्ण हकिगत ऐकावी लागली.

इंजिनाच्या फेऱ्या मोजणे त्याहून नाजूक निघाले. टॅकोमीटरचा, म्हणजे फेऱ्या दाखवणारा काटा ज्या इशाऱ्यावर चालतो त्याला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते, कारण तो मीटर बिघडला तर दुसरा कुठून आणणार? मग राहिला स्पार्क. सीडीआयमधून, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या डब्यामधून, कॉइलकडे जाणाऱ्या वायरवर स्पार्कच्या क्षणी शेकडो व्होल्टचा झटका येतो. ती वायर थेट आर्डुइनोला, म्हणजे हा सगळा हिशेब करणाऱ्या पाच व्होल्टच्या छोट्या संगणक-पाटीला, जोडली तर आर्डुइनोचा तिथल्या तिथे निकाल लागतो. त्याऐवजी प्लगच्या जाड वायरीभोवती आवरण असलेल्या बारीक तारेचे काही वेढे दिले. वरून झटका गेला की या वेढ्यांत त्याचा पडसाद उठतो, तो रोधकांनी कमी करायचा आणि ऑप्टोकप्लरमधून पलीकडे न्यायचा. ऑप्टोकप्लरमध्ये एका बाजूला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला तो पाहणारा डोळा असतो, दोघांत विजेचा संबंध नसतो, त्यामुळे गाडीकडचा गोंधळ गाडीकडेच राहतो.

इथे चार स्ट्रोक इंजिनाची एक गंमत सांगायला हवी. अशा इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो, म्हणून स्पार्कही दोन फेऱ्यांमागे एकदा पडत असेल असे कोणालाही वाटेल. पण स्पार्कचा इशारा फ्लायव्हीलवरून निघतो आणि फ्लायव्हीलला हा स्ट्रोक कोणता आहे हे कळत नाही. त्यामुळे प्लग प्रत्येक फेरीला पेटतो, एकदा कामाचा आणि एकदा धूर बाहेर जात असताना फुकटचा. हे माहीत नसताना बाजारातून तयार टॅकोमीटर आणून बसवणारे आणि तो दुप्पट फेऱ्या दाखवतो म्हणून विकणाऱ्याशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. भांडण दर वेळी अटीतटीचे असते आणि दोन्ही बाजूंना आपण बरोबर असल्याची खात्री असते.

पाच व्होल्टसाठी साधा रेग्युलेटर वापरायचा विचार सोडून द्यावा लागला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाहून अधिक व्होल्ट असतात, आणि वरचे नऊ व्होल्ट असा रेग्युलेटर उष्णतेत घालवतो. हेडलाईटच्या डोममध्ये पस्तीस वॉटचा बल्ब, बाहेर सोलापूरचा मे महिना, त्यात आणखी एक तापणारा तुकडा कशाला? पुतण्याने कमी तापणारा बक कन्व्हर्टर लावला आणि हॉर्न-इंडिकेटरच्या झटक्यांपासून संरक्षणासाठी एक डायोड. काळ्या वायरीतून किल्लीनंतरचा पुरवठा, हिरव्यातून अर्थ, आणि न्यूट्रलच्या नव्या वायरीला समांतर एक फाटा घेतला. तिच्यावर न्यूट्रल नसताना बाराच्या आसपास व्होल्ट असतात, म्हणून दोन रोधक लावून ते पाचाच्या आत आणले. सगळे जोड डाग देऊन केले आणि त्यावर आवरण चढवले. वायरी नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळण्याची आपल्याकडची रीत पहिल्या पावसापर्यंतच टिकते.

आकडा दिसण्याचा प्रश्न मी आधी क्षुल्लक समजत होतो. एप्रिलमध्ये भर दुपारी होटगी रोडला निघालो, तेव्हा उन्हात तो अजिबात दिसेना. काळ्या चौकटीत काही तरी पेटले आहे इतकेच कळत होते. तेजस्वी लाल आकडा, त्यावर गडद लाल ॲक्रिलिकचा तुकडा आणि वर जुन्या टॉर्चच्या टोपणाची छत्री, असा तोडगा निघाला. लाल काच बाहेरच्या उन्हातले बाकीचे रंग अडवते आणि आकड्याचा लाल तेवढा आत-बाहेर जाऊ देते, म्हणून तो उठून दिसतो. रात्री हाच आकडा डोळ्यांत घुसतो. त्यासाठी प्रकाशाप्रमाणे रोध बदलणारा एक घटक लावून तो अंधारात मंद होईल अशी सोय केली.

हिशेबाच्या या पद्धतीत एक उणीव आहे आणि ती कोणत्याही हुशारीने पूर्ण भरून निघत नाही. गाडी थांबली की चाकाच्या फेऱ्या शून्य, आणि शून्याशी गुणोत्तर काढता येत नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला मी तिसऱ्यात अडकून उभा आहे की दुसऱ्यात, हे नेमके तिथेच कळायला हवे असते. ड्रमवरचा स्विच ते सांगू शकला असता. गिअरच्या दांड्यावर छोटे स्विच लावून वर-खाली किती वेळा पाय गेला ते मोजायचे, हाही एक मार्ग काही जण वापरतात. पण अर्धवट पडलेला एक गिअर पुढची सगळी मोजणी बिघडवतो, तेव्हा तो मी नाकारला. आमच्याकडे थांबल्यावर शेवटचा माहीत असलेला आकडा तसाच राहतो आणि त्याच्या कोपऱ्यातला ठिपका मिचमिचू लागतो. ही जुनी माहिती आहे, असा त्याचा अर्थ. न्यूट्रल पडला की आकड्याच्या जागी आडवी रेघ येते. मला ही तडजोड मान्य आहे. न कळणारी गोष्ट कळल्यासारखी दाखवणाऱ्या मीटरपेक्षा ती बरी.

आता दिव्याविषयी. शिफ्ट लाइट ही मुळात शर्यतीची वस्तू. इंजिन पूर्ण ताकदीच्या टोकाला पोहोचण्याआधी ती पेटते, कारण डोळ्याने पाहून पायाने हालचाल करेपर्यंत सेकंदाचा काही अंश निघून जातो. पहिल्या गिअरमध्ये फेऱ्या झपाट्याने चढतात, म्हणून तिथे तो जास्त आधी पेटवावा लागतो आणि वरच्या गिअरमध्ये उशिरा चालतो. सीबीझेडची १२.८ बीएचपी ताकद ८००० फेऱ्यांना येते. पुतण्याने लाल दिवा पहिल्यासाठी ६५०० ला आणि पुढे ७५०० ला लावला, आणि तो एकदा पेटलेला पाहून त्याचे समाधान झाले. माझ्या हातून तो सहसा पेटतच नाही. जुन्या गाडीला जपणारा माणूस तिला तिथवर नेत नाही, आणि नेलेच तर तिचा आवाज माझ्या कानालाही ऐकू येतो.

माझ्या मते जुन्या गाडीला खरी गरज आहे ती उलट्या बाजूच्या दिव्याची. आमच्या पिढीला पेट्रोल वाचवण्याची सवय इतकी भिनलेली आहे, की चाळीसला पाचवा टाकून मूठ मोठी करत राहण्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. इंजिन मग कमी फेऱ्यांवर ओझे ओढते, चेन झटके खाते, आतून ठोका येऊ लागतो, आणि पेट्रोल वाचते ते नाममात्रच. हा ठोका वरच्या पट्टीतला असतो, म्हणजे माझ्या कानांनी गमावलेल्या बाजूचा. म्हणून दुसरा, पिवळा दिवा लावायला सांगितला, जो चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये फेऱ्या ३००० च्या खाली जाऊन वेगही उतरत असेल तर पेटतो. मूठ किती पिळली आहे हे समजायला या गाडीवर काही साधन नाही, त्यामुळे उतारावर गाडी नुसती सोडली तरी तो पेटण्याची भीती होती. ब्रेकच्या दिव्याची वायर जोडून, ब्रेक दाबलेला असताना पिवळा दिवा गप्प राहील इतके करता आले. बाकी खोटे इशारे मी सहन करतो. मागावरही बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग थांबवणारी काटेदार पट्टी असते, आणि ती कधी कधी धागा शाबूत असतानाही माग थांबवते; म्हणून ती काढून टाकणारा जॉबर शहाणा समजला जात नसे.

या पिवळ्या दिव्याची परीक्षा तुळजापूरच्या घाटात झाली. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि बहुतेक रस्ता सपाट आहे, त्यामुळे गाव जवळ आल्यावर लागणारा घाट पाचव्या गिअरमध्येच सुरू होतो. पूर्वी मी अर्ध्या चढापर्यंत तसाच जात असे आणि गाडी मरगळली की दोन गिअर एकदम खाली टाकत असे. आता पहिल्या वळणाआधीच पिवळा दिवा पेटतो, आकडा पाचावरून चारवर येतो, पुढच्या वळणाला तीनवर, आणि गाडी कुठेही न घुसमटता वर चढते. चेनची ती जुनी धडधड तळव्यांना जाणवली नाही. मागे बसलेल्या पुतण्याने वर पोहोचल्यावर सांगितले, की काका, तुम्ही आज बसवाल्यासारखी चालवली. हे कौतुक होते की टोमणा, ते मी विचारले नाही. कोजागिरीला याच रस्त्यावर सोलापूरहून चालत निघालेल्या भाविकांची रीघ असते, तेव्हा पहिला-दुसरा याच्या पलीकडे आकडा जात नाही आणि दिवे दोन्ही गप्प असतात. तिथे लक्ष मीटरकडे असूही नये.

आकडा समोर आल्यापासून एक गोष्ट मात्र माझ्या अपेक्षेच्या उलट घडली. मला वाटले होते की डोळा काम करू लागला की कान आणखी आळशी होईल. प्रत्यक्षात मी आधी अंदाज करतो आणि मग आकडा पाहतो, आणि शहराबाहेर अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघू लागला आहे. गाडी बोलते त्या मधल्या पातळ पट्ट्यात काय ऐकायचे, हे कानाला आता आकड्याशी पडताळून शिकता येते. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा त्यांनी गाडी स्वतः बाळे गावापर्यंत चालवून आणली. उतरल्यावर आकड्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. पिवळा दिवा त्यांच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला लावता येईल का आणि पोरगं किती घेईल, एवढे त्यांनी विचारले.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट आता झिजत आली आहेत आणि पावसाळ्याआधी ती बदलायची आहेत. पुढच्या स्प्रॉकेटला एक दात कमी घेतला तर घाटात गाडी अधिक मोकळी चढेल, पण मग पाचही गुणोत्तरे बदलतील आणि प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेळ क्लच सोडून चालवत मीटरला ती नव्याने शिकवावी लागतील. चुंबके जुन्या बोल्टांवर आहेत, तीही उतरवून पुन्हा चिकटवावी लागणार. पुतण्याची परीक्षा संपली की एका रविवारी सकाळी, ऊन चढण्याच्या आत, अक्कलकोट रस्त्याला हे काम उरकून घ्यायचे ठरले आहे.